विवेकी समजूत आणि साधार समजूत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा फरक आहे तरी कसला?

मे महिन्यात दादरला तुम्ही आंब्याची पेटी घेता. पेटीवर 'देवगड हापूस' छापलंय, २०१८ साली कोकणातल्या हापूसला मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचं लेबल चिकटवलंय, भाव देवगडला शोभेल इतका चढा आहे, आणि विकणाऱ्याकडून तुम्ही गेली दहा वर्षं आंबे घेताय. घरी येऊन तुम्ही सांगता, "देवगडचा आहे." आंबा मात्र कर्नाटकातून आलेला असतो. देवगडची असते ती फक्त पेटी.

तुमची समजूत चुकीची निघाली, हे उघड आहे. तुमचं काही चुकलं का? नाही. समोर जे होतं त्यावरून कुणीही शहाणा माणूस हेच म्हणाला असता. आता तिसरा प्रश्न: 'देवगडचा आहे' असं मानायला तुमच्यापाशी आधार होता का? इथे वर्गात हमखास दोन तट पडतात. एक तट म्हणतो, होता की! लेबल होतं, भाव होता, दहा वर्षांचा अनुभव होता. दुसरा तट म्हणतो, आधार आहे असं वाटत होतं एवढंच. खोट्या लेबलाचा आधार कसला?

पहिल्या तटाच्या लेखी विवेकीपणा आणि साधारपणा ही एकाच गोष्टीची दोन नावं आहेत. दुसऱ्याच्या लेखी ती दोन मोजमापं आहेत. एकात माणूस कसा वागला ते पाहायचं, दुसऱ्यात समजूत कशावर उभी आहे ते. ज्ञानमीमांसेतला, म्हणजे ज्ञान कशाला म्हणायचं हे तपासणाऱ्या तत्त्वज्ञानाच्या शाखेतला, गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतला बराच वाद या तिसऱ्या प्रश्नाभोवती फिरतो. खालचे बहुतेक प्रश्नही तिथूनच निघालेत.

'विवेकी' आणि 'साधार' हे शब्द का? पुस्तकात तर 'समर्थित विश्वास' असतं.

असतं, आणि परीक्षेत तेच लिहावं. पण मराठी कानाला त्यात अडचणी आहेत. 'विश्वास' आपण माणसावर ठेवतो. उद्या गुरुवार आहे यावर माझा 'विश्वास' आहे, असं कुणी बोलत नाही. 'श्रद्धा' तर त्याहून भलतीकडे नेते. 'समजूत' बरी, पण तिलाही एक खोड आहे: "माझी अशी समजूत होती की..." म्हटलं की पुढे ती चुकीची निघाली हे ऐकणाऱ्याला आधीच कळतं. तरी त्यातल्या त्यात हाच शब्द कामाचा वाटतो.

'समर्थन' या शब्दाची अडचण जास्त खोल आहे. मराठीत समर्थन 'केलं' जातं, आणि तेही बहुधा गोष्ट करून झाल्यावर. विल्यम आल्स्टन या अमेरिकी तत्त्वज्ञाने यातला भेद वारंवार मांडला: समजुतीचं समर्थन करून दाखवणं ही एक कृती आहे आणि समजूत समर्थित असणं ही एक अवस्था. तीन वर्षांच्या पोराला समोर मांजर दिसतं आणि ते 'माऊ' म्हणतं. त्याला कसलंही समर्थन करता येणार नाही, पण त्याची समजूत अगदी भक्कम उभी आहे. 'साधार' म्हटलं की ही अवस्था नीट कळते.

'विवेक' संतांच्या वाङ्मयात नित्य काय आणि अनित्य काय हे ओळखण्यासाठी येतो. दि. य. देशपांड्यांनी 'विवेकवाद' या नावाने जे मांडलं त्यानंतर मराठी वाचकाला तो बुद्धीच्या कसोटीशी जोडायची सवय झाली. इथे अर्थ त्याहून साधा आहे: हाताशी जे आहे ते नीट तोलून मत बनवणं.

ज्ञान म्हणजे 'समर्थित सत्य विश्वास'. या व्याख्येत विवेक कुठे येतो?

नावाने येत नाही, मागच्या दाराने येतो.

प्लेटोच्या 'मेनो' संवादात लारिसा गावच्या रस्त्याचं उदाहरण आहे. रस्ता ज्याला खरोखर माहीत आहे तो आणि ज्याचा अंदाज फक्त बरोबर आहे तो, दोघेही लारिसाला पोचतात. मग ज्ञानाचं मोल जास्त का? सॉक्रेटिस म्हणतो, खरी मतं दंतकथेतल्या डेडलस या कारागिराच्या पुतळ्यांसारखी असतात, बांधून ठेवली नाहीत तर पळून जातात. त्यांना बांधणारी दोरी म्हणजे कारण. ही दोरी पुढे 'समर्थन' झाली.

१९६३ साली एडमंड गेटियर या अमेरिकी तत्त्वज्ञाने जेमतेम तीन पानांच्या लेखात दाखवलं की समजूत खरी असून, समर्थित असूनही ज्ञान म्हणता येणार नाही अशी उदाहरणं रचता येतात. हे सगळ्यांना ठाऊक असतं. सहसा सुटतं ते हे: उदाहरणं सांगण्याआधी गेटियर दोन गोष्टी गृहीत धरतात, आणि त्यातली पहिली म्हणजे समर्थित समजूत खोटी असू शकते. म्हणजे आपल्या आंब्याच्या प्रकरणात गेटियर पहिल्या तटात बसतात, आणि तेही वाद न घालता. 'समर्थित' शब्दाला त्यांनी 'विवेकी'चाच अर्थ दिला होता. त्या काळी तो कुणाला खटकला नाही, कारण बहुतेक सगळेच तसा अर्थ घेत होते.

मग दोघांची फारकत कधी झाली?

१९७९ साली ॲल्विन गोल्डमन यांनी वेगळी वाट धरली. समजूत साधार आहे की नाही हे ती कुठल्या प्रक्रियेतून आली यावर ठरतं, असं त्यांनी मांडलं. डोळ्यांनी स्वच्छ उजेडात पाहणं, ताजी आठवण, नीट केलेलं अनुमान या प्रक्रिया बहुतेक वेळा खरं सांगतात, म्हणून त्यांच्यातून आलेली समजूत साधार. इच्छेपोटी मानणं, घाईने सरसकटीकरण करणं यांतून खोटंच जास्त येतं, म्हणून ती निराधार. माणसाला आपली प्रक्रिया भरवशाची आहे हे माहीत असायची गरज नाही. ती असली म्हणजे झालं.

यावर १९८४ साली स्टुअर्ट कोहेन यांनी जो आक्षेप घेतला तो 'नव्या राक्षसाचा प्रश्न' म्हणून गाजला.

हा राक्षस कोण?

मूळचा फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तचा, १६४१ सालचा. सर्वशक्तिमान आणि लबाड. तुम्हाला दिसणारं सगळं तोच उभं करतो आणि त्यातलं काहीच खरं नसतं. देकार्तने तो ज्ञानाबद्दल शंका घ्यायला वापरला. कोहेननी त्याच राक्षसाला दुसऱ्या कामाला लावलं.

समजा तुमचा एक जुळा आहे. तो तुमच्याइतकाच काळजीपूर्वक विचार करतो, त्याचे अनुभव आतून हुबेहूब तुमच्यासारखे आहेत, पण तो राक्षसाच्या तावडीत आहे. तुम्ही खिडकीबाहेर पाऊस पाहून छत्री घेता, तोही घेतो. फक्त त्याच्याकडे पाऊस नाही आणि खिडकीही नाही. त्याच्या सगळ्या प्रक्रिया गोल्डमनच्या कसोटीवर नापास, कारण त्यांतून कायम खोटंच निघतं. म्हणजे त्याची प्रत्येक समजूत निराधार ठरणार. कोहेन विचारतात, हे पटतं का? तो तर तुमच्याइतकाच समंजस आहे! ज्योतिषावर विसंबून मत बनवणारा आणि पुरावा तोलून मत बनवणारा असे दोन जण त्या राक्षसी जगात असले, तर दोघांना एकाच रांगेत कसं बसवता?

आक्षेप जबरदस्त आहे. पण त्याचा सांधा कुठे आहे ते पाहा. 'जुळा विवेकी आहे' इथून 'म्हणून त्याची समजूत साधार आहे' इथे जी उडी पडते ती फक्त दोन शब्द समानार्थी धरले तरच पडते. कोहेननी ते तसे उघडपणे धरलेच होते. ज्याला हे समीकरण मान्य नाही त्याने इतकंच म्हणायचं: जुळा विवेकी आहे, शंकाच नाही, त्याच्या समजुती निराधार आहेत, हेही खरं, आणि बिचाऱ्याचं नशीब वाईट आहे.

गोल्डमन स्वतः १९८८ मध्ये थोडे मागे सरले आणि साधारपणाचे 'बळकट' आणि 'दुबळा' असे दोन प्रकार सांगू लागले. जुळ्याला दुबळा मिळाला. मला ही तडजोड वाटते. दोन वेगळ्या गोष्टींना एकच आडनाव देऊन भांडण मिटत नसतं.

जुळ्याला 'त्याचा दोष नाही' म्हटलं तर पुरेसं नाही का?

काही जण तेवढंच म्हणतात. टिमोथी विल्यमसन आणि क्लेटन लिटलजॉन यांचा कल असा आहे की फसलेल्या माणसाची समजूत समर्थित नसते, त्याच्यापाशी फक्त सबब असते. सबब उत्तम आहे, त्याला बोल लावता येणार नाही, पण सबब म्हणजे आधार नव्हे.

यातला अर्धा भाग मला पटतो, अर्धा नाही. निर्दोष असणं ही फार खालची पायरी आहे. लहानपणापासून एका पंथाच्या बंद आश्रमात वाढवलेला, प्रश्न विचारण्याची सवयच मोडून टाकलेला माणूस गुरूच्या शब्दावर जग बुडणार असं मानतो. त्याला दोष देता येईल? नाही. तो विवेकी आहे? तेही नाही. राक्षसाच्या तावडीतला जुळा मात्र पुरावा तोलतो, विसंगती दिसली की थांबतो, मत बदलतो. त्याने काहीतरी कमावलेलं आहे. आश्रमातल्या माणसाने काही कमावलेलं नाही, त्याला फक्त माफी आहे. दोघांना एकाच 'सबब' नावाच्या खोलीत कोंबणं हा जुळ्यावर अन्याय आहे.

ही पायऱ्यांची भानगड फक्त तत्त्वज्ञांची आहे असं समजू नका, आपल्या कायद्यात ती चक्क छापलेली आहे. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमात (जनरल क्लॉजेस ॲक्ट) 'सद्भावपूर्वक' या शब्दाची व्याख्या अशी आहे की गोष्ट प्रामाणिकपणे केलेली असली की पुरे, मग हयगय झालेली असो वा नसो. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या (२०२४ मध्ये तिची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली) कलम ५२ ने त्याच शब्दाला वेगळी अट घातली: योग्य ती सावधगिरी आणि काळजी न घेता केलेलं किंवा मानलेलं काहीही 'सद्भावपूर्वक' म्हणता येणार नाही. पहिल्यात नुसता प्रामाणिकपणा चालतो, दुसऱ्यात काळजी लागायची. आणि दंड संहितेच्या कलमात 'केलेलं'च्या बरोबरीने 'मानलेलं'सुद्धा होतं. मानण्यातही हयगय होऊ शकते, हे कायद्याने तेव्हाच मान्य केलं होतं. साधारपणा ही त्यावरची तिसरी पायरी. काळजी घेऊनही ती हुकू शकते.

आधार आहे, पण माणसाने त्या आधारावर मानलेलं नाही. असं असू शकतं?

असू शकतं, आणि हा भेद ज्याच्या हातून निसटतो त्याचा पुढचा सगळा गोंधळ होतो.

समजुतीला आधार 'उपलब्ध असणं' वेगळं आणि समजूत त्या आधारावर 'उभी असणं' वेगळं. परीक्षक सगळे पुरावे वाचतो आणि विद्यार्थ्याने कॉपी केली असं ठरवतो, पण ठरवतो ते त्याचं आडनाव पाहून. पुरावे खरोखर कॉपीचेच आहेत. निष्कर्षाला आधार आहे, परीक्षकाच्या समजुतीला नाही.

उलट बाजूही आहे: आधार असून मानलंच नाही. इथे पुन्हा ती जुनी दंड संहिता आठवते. कलम २६ प्रमाणे एखादी गोष्ट मानायला 'पुरेसं कारण' असेल तरच माणसाला ती 'मानण्यास कारण होतं' असं म्हणायचं, एरवी नाही. चोरीचा माल घेणाऱ्याला तो चोरीचा आहे हे माहीत असलं पाहिजे किंवा तसं मानायला कारण असलं पाहिजे. नव्वद हजारांचा फोन रस्त्याच्या कडेला चार हजारांत, बिल नाही, चार्जर नाही, विकणारा सारखा मागे बघतोय. घेणाऱ्याने "मला तसं वाटलंच नाही" म्हणून चालत नाही. वाटायला हवं होतं.

खोट्या पण विवेकी समजुतीचं खरं उदाहरण आहे का? राक्षस नको.

आहे, आणि माझं आवडतं आहे.

एकोणिसाव्या शतकात युरेनस ग्रह गणितात बसेना. पॅरिसमध्ये अर्बें ल व्हेरिए यांनी कागदावर हिशोब मांडला: युरेनसला ओढणारा, अजून न दिसलेला एक ग्रह पलीकडे असला पाहिजे, आणि तो अमुक जागी असला पाहिजे. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत योहान गाले यांनी दुर्बीण रोखली, आणि सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. न दिसलेला ग्रह पेनाच्या टोकाने शोधला, असं कौतुक झालं. झालं ते योग्यच होतं.

पुढे १८५९ मध्ये ल व्हेरिए यांच्या लक्षात आलं की बुधाची कक्षाही हिशोबापेक्षा जरा जास्त सरकते. शतकाला अडतीस विकला (विकला म्हणजे अंशाचा छत्तीसशेवा भाग), असा त्यांचा हिशोब. आज आपण त्रेचाळीस म्हणतो. त्यांनी तोच मार्ग धरला: सूर्य आणि बुध यांच्यामध्ये न दिसलेलं काहीतरी असणार. त्याच वर्षाअखेरीस लेस्कार्बो नावाच्या एका खेड्यातल्या डॉक्टरने कळवलं की मार्चमध्ये सूर्यबिंबावरून एक गोल ठिपका सरकताना मी पाहिलाय. ल व्हेरिए स्वतः त्या गावी गेले, डॉक्टरची उलटतपासणी घेतली, आणि त्यांची खात्री पटली. ग्रहाचं नाव 'व्हल्कन' ठरलं.

व्हल्कन कधीच नव्हता. नोव्हेंबर १९१५ मध्ये आइनस्टाइनच्या नव्या गुरुत्वाकर्षण सिद्धांतातून ते त्रेचाळीस विकला आपोआप निघाले. चुकत होता तो न्यूटनचा नियम, ग्रह कमी नव्हता.

आता बोला. १८६० मध्ये ल व्हेरिए यांची समजूत विवेकी होती का? माझ्या मते शंभर टक्के. तेरा-चौदा वर्षांपूर्वी डोळ्यांदेखत यशस्वी झालेली तीच पद्धत, तोच सिद्धांत, वर एक साक्षीदार. याहून जास्त समंजसपणे वागायचं म्हणजे काय करायचं होतं? साधार होती का? विचारपद्धतीकडे पाहिलं तर नेपच्यून आणि व्हल्कन यांत भेद करता येत नाही, एक साधार तर दुसराही. पण पद्धत जगाला कशी भिडते ते पाहिलं तर भेद दिसतो. 'हिशोब चुकला, म्हणजे न दिसलेली वस्तू आहे' हे अनुमान न्यूटनचा नियम जिथे अचूक चालतो तिथे भरवशाचं आहे. सूर्याच्या इतक्या जवळ तो पुरेसा अचूक चालत नव्हता, आणि हे त्या वेळी कुणालाच ठाऊक असणं शक्य नव्हतं. दोष कुणाचाच नाही. तरी समजूत ज्या फांदीवर बसली होती ती पोकळच होती.

आणखी एक बारकावा. पुढची कितीतरी वर्षं लोक सूर्याभोवती व्हल्कन शोधत राहिले आणि तो खात्रीने कुणालाच सापडला नाही. ल व्हेरिए १८७७ मध्ये वारले, तेही २३ सप्टेंबरलाच. तोवर त्यांचा विश्वास ढळला नव्हता. १८६० मधली विवेकी समजूत १८७७ मध्ये तितकी विवेकी राहिली नव्हती, असं मला वाटतं. समजूत तीच, माणूस तोच, पण हाताशी असलेला पुरावा बदलला होता.

उलट होतं का? साधार, पण विवेकी नाही?

होतं, फक्त उदाहरणं जरा नाजूक आहेत.

गिर्यारोहक सहा हजार मीटरवर आहे. त्याने ऑक्सिजन किती तास पुरेल याचा हिशोब केला, आणि तो बरोबर आहे, प्रत्येक पायरी बरोबर. तेवढ्यात वायरलेसवर खालून सांगतात: या उंचीवर मेंदूला प्राणवायू कमी पडतो, साधी गणितं चुकतात आणि चुकली हे कळतही नाही. त्याचं गणित चुकलेलं नाही, आधार जागच्या जागी आहे. पण हा इशारा ऐकूनही तो निर्धास्तपणे त्याच आकड्यावर अडून बसला, तर त्याला विवेकी म्हणणं जड जातं. मारिया लासोनेन-आर्निओ यांनी २०१० मध्ये 'असमंजस ज्ञान' अशा अर्थाचं शीर्षक देऊन याच जातीच्या उदाहरणांवर लिहिलं आणि म्हटलं की हो, असं असू शकतं.

दुसरं उदाहरण प्रस्तावनेचं, १९६५ साली डेव्हिड मॅकिन्सन यांनी मांडलेलं. लेखक पुस्तकातलं प्रत्येक विधान तपासून लिहितो. प्रत्येकाला आधार आहे. तरी प्रस्तावनेत लिहितो, "काही चुका राहिल्या असतील, त्यांची जबाबदारी माझी." आधीची पुस्तकं पाहता हेही साधारच आहे. पण सगळी विधानं आणि प्रस्तावना मिळून एकत्र खरी असू शकत नाहीत. मतांमध्ये मेळ असणं हीच विवेकाची अट मानली, तर हा सज्जन लेखक अविवेकी ठरतो! मला वाटतं इथे मेळाच्या अटीलाच जरा सैल करावं लागेल.

मतांमध्ये मेळ असला की माणूस विवेकी, असंच ना?

तत्त्वज्ञ जॉन ब्रूम वगैरे मंडळी विवेकाचा असा अर्थ लावतात: मतं, हेतू, इच्छा एकमेकांत बसतात की नाही, एवढंच पाहायचं. या अर्थाने विवेक आणि आधार यांचा संबंध फारच पातळ होतो. चंद्रावर माणूस गेलाच नाही असं मानणारा एखादा पक्का गडी घ्या. प्रत्येक आक्षेपाला त्याच्यापाशी उत्तर तयार असतं: छायाचित्र बनावट, साक्षीदार विकलेला, दगड अंटार्क्टिकातला. कुठे विसंगती सापडणार नाही. मेळ इतका पक्का असतो की तोच संशयास्पद वाटावा.

म्हणून हल्ली 'रचनेचा विवेक' आणि 'आशयाचा विवेक' असे दोन वेगळे मोजतात. पहिला मेळाचा, दुसरा कारणांना नीट उत्तर देण्याचा. आपण वर ज्याला विवेकी म्हणतोय तो दुसरा.

फायदा होतो म्हणून मानणं विवेकी आहे का?

व्यवहाराच्या अर्थाने कधी कधी हो. आजारी माणसाने "मी बरा होणार" असं मानलं की पथ्य पाळायला, उठून चालायला बळ येतं. विवेकाला व्यवहाराचं अंग आहे. साधारपणाला, निदान ज्ञानमीमांसेतल्या साधारपणाला, ते नाही. फायदा हा समजूत खरी असल्याचा पुरावा नव्हे.

या प्रश्नावरची गाजलेली जोडी म्हणजे इंग्रज गणिती क्लिफर्ड आणि अमेरिकी तत्त्वज्ञ विल्यम जेम्स. क्लिफर्डच्या १८७७ च्या निबंधात एक जहाजमालक आहे. जहाज जुनं, डागडुजीला आलेलं. तो मनाची समजूत घालतो की इतक्या सफरी झाल्या, हीही होईल. (मराठीत 'समजूत घालणं' हा वाक्प्रचार किती चपखल आहे पाहा.) जहाज बुडतं, तो विम्याचे पैसे घेतो. क्लिफर्ड म्हणतात, तो मनापासून मानत होता हे खरं, पण तसं मानण्याचा त्याला हक्क नव्हता. पुढे ते असंही म्हणतात की जहाज सुखरूप पोचलं असतं तरी त्याचा अपराध तसूभर कमी झाला नसता. जेम्सनी १८९६ मध्ये उत्तर दिलं की काही प्रश्न टाळता येत नाहीत आणि पुराव्याने सुटतही नाहीत, तिथे मनाचा कल निर्णय देतो आणि ते रास्त आहे. दोघांचं भांडण जितकं मोठं सांगतात तितकं मला वाटत नाही. जेम्सची सूट अशा मोजक्या प्रश्नांपुरती आहे, आणि जहाजमालक त्यात कुठेच बसत नाही. लाकूड कुजलंय का हे खाली उतरून पाहता आलं असतं.

लॉटरीचं कोडं इथे का येतं?

दहा लाख तिकिटं, एक बक्षीस. तुमच्या तिकिटाला लागणार नाही याची शक्यता ९९.९९९९ टक्के. तितका भरवसा ठेवणं विवेकीच. पण सोडत व्हायच्या आधी "मला लागणार नाही" असं ठामपणे मानून तिकीट फाडून टाकावं का? बहुतेकांना ते खटकतं. आणि तुमच्या तिकिटाबद्दल मानलंत तर प्रत्येक तिकिटाबद्दल तेच मानावं लागेल, मग कुणालाच लागणार नाही! हेन्री कायबर्ग यांचं १९६१ चं हे कोडं.

याउलट वर्तमानपत्रात निकाल वाचून "लागलं नाही" असं मानणं सगळ्यांना चालतं, जरी छपाईच्या चुकीची शक्यता दहा लाखांत एकापेक्षा नक्कीच जास्त असेल. मार्टिन स्मिथ यांचं उत्तर मला पटण्यासारखं वाटतं: वर्तमानपत्र चुकलं तर "असं कसं झालं?" असा खुलासा मागावा लागतो, तिकिटाला बक्षीस लागलं तर काहीच खुलासा लागत नाही, कुणाला तरी लागणारच होतं. म्हणजे भरवशाची टक्केवारी हे विवेकाचं माप असेल, पण आधार हा नुसता टक्क्यांचा खेळ नाही.

आपल्याकडच्या तत्त्वज्ञांनी यावर काही म्हटलंय?

बरंच, आणि वेगळ्या अंगाने. गेटियरच्या जातीची उदाहरणं आठव्या शतकातल्या धर्मोत्तर या बौद्ध तत्त्वज्ञाकडे आहेत. आगीवर नुकतंच मांस ठेवलंय, धूर अजून नाही, पण वर माश्यांचा थवा जमलाय. लांबून पाहणारा तो धूर समजतो आणि "तिथे आग आहे" म्हणतो. आग आहेच! बाराव्या शतकात श्रीहर्ष या वेदान्ती तत्त्वज्ञाने मुठीतल्या कवड्यांचं उदाहरण दिलं: "किती?" "पाच." पाचच निघतात. उत्तर खरं, पण याला ज्ञान कोण म्हणेल?

नैयायिकांची, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांची, भूमिका आंब्याच्या दुसऱ्या तटाच्या जवळची आहे. प्रमाण म्हणजे ज्ञान मिळण्याचं साधन, आणि प्रमाण ते, जे खरं ज्ञानच देतं. धुक्याला धूर समजून केलेलं अनुमान हे 'चुकलेलं प्रमाण' नाहीच, तो प्रमाणाभास. दिसायला प्रमाणासारखा, इतकंच. सातव्या शतकातल्या कुमारिल या मीमांसकाचं 'स्वतःप्रामाण्य' मात्र पहिल्या तटाला दिलासा देणारं आहे: झालेलं ज्ञान ते खोडून काढणारं काही पुढे येईपर्यंत प्रमाणच धरायचं, दर वेळी आधी तपासत बसायचं नाही. माझ्या वाचनात नैयायिकांचं उत्तर समजुतीबद्दल आहे आणि कुमारिलाचं बरंचसं माणसाने कसं वागावं याबद्दल, पण मीमांसक हे ऐकून घेणार नाहीत.

मराठीतला 'बुद्धिप्रामाण्य' हा शब्द या दोन्ही गोष्टी एकाच समासात बांधून मोकळा होतो, ही त्याची ताकदही आहे आणि पंचाईतही.

मग आंब्याच्या पेटीबद्दल तुमचं उत्तर काय?

बाजाराला विचारा. त्या बाजारातल्या दहा पेट्यांपैकी नऊ लेबलाप्रमाणे असतील, तर लेबल खरोखर काहीतरी सांगतं. तुमची समजूत साधार होती, फक्त दहावी पेटी तुमच्या वाट्याला आली. आणि दहांतल्या आठ बनावट असतील, तर लेबल काहीच सांगत नव्हतं. तुम्हाला ते माहीत नव्हतं, म्हणून विवेकी तुम्ही राहिलात, समजूत मात्र निराधार होती. ज्या दिवशी तुम्ही त्या बनावट पेट्यांची बातमी वाचाल, त्या दिवसापासून लेबल पाहून खूश होणं विवेकीही राहणार नाही.

म्हणजे मी खोटी समजूत साधार असू शकते असं मानतो, त्यामुळे पक्के नैयायिक मला आपल्यात घेणार नाहीत. आणि साधारपणा तुम्हाला माहीत नसलेल्या गोष्टींवर ठरतो असंही मानतो, त्यामुळे कोहेनही घेणार नाहीत.

परीक्षेत दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरले तर गुण जातात का?

कुठला अर्थ घेतलाय ते पहिल्या परिच्छेदात लिहिलं तर सहसा जात नाहीत. नव्या राक्षसाच्या प्रश्नावर लिहिताना मात्र एक धरू नका. तिथे तोच तर प्रश्न आहे.